लग्नातला ग्न

दांडेकर पुलाजवळच्या आमच्या शाळेत
एका बँकेने टाकून दिलेले अकरा संगणक आले.
आठ चालू, दोन आजारी, एकाच्या पोटात पालीची अंडी.
त्यांच्यात फुकटची
(फुकटची नव्हे बाई, मुक्त!
हे मला पहिल्याच दिवशी सुनावलं गेलं)
तर ती मुक्त प्रणाली घालून द्यायला
केळुसकर आणि मुजुमले आले,
एकाच स्कूटरवरून.

रविवारभर घाम गाळला दोघांनी.
वायरींचे गुंते सोडवले, माझ्या डब्यातले पोहे संपवले,
पहिला पडदा उजळला तेव्हा एकमेकांना टाळी दिली.
मग रज्जाक पेंटर शिडी घेऊन आला,
म्हणाला, भिंतीवर काय लिहू?

लिनक्स कक्ष, म्हणाले मुजुमले.
ग्नू, तिरकी रेघ, लिनक्स कक्ष, म्हणाले केळुसकर.

झालं.

अहो, लिनक्स म्हणजे नुसता गाभा!
ज्यांनी आधी वर्षानुवर्षं भांडी घडवली, चूल मांडली, सरपण फोडलं,
त्यांची नावं पुसायची
आणि शेवटी येऊन विस्तव ठेवला त्याचं तेवढं मिरवायचं?

विस्तव नव्हता तोवर तुमची भांडी
फळीवरच होती की, म्हणाले मुजुमले.

या गावात देवाला तरी नुसतं मारुती म्हणतो का आपण?
जिलब्या मारुती. डुल्या मारुती. पत्र्या मारुती.
जिलबीसुद्धा नावात राहिली इथे!

आणि रिक्षात बसल्यावर डेक्कन जिमखाना म्हणता का?
डेक्कन म्हणता. डेक्कन! आणि पोचता.

मग उच्चार निघाला, ग्नू की नू.
जुनी सीडी निघाली, जिच्यावर कुणीतरी अर्धंच नाव छापलं होतं.
कोण कुणाच्या मुलाच्या मुंजीला आलं नव्हतं, तेही निघालं.

रज्जाक शिडीवरच.
त्याने एकदाच विचारलं,
ग्न म्हणजे लग्नातला ग्न ना?
आणि रेघेचे पैसे अक्षरात धरायचे का?

मी हजेरीपटावर सही करत होते.
लग्नातला ग्न.
ताटभर तांदळात यांनी अंगठीने नाव लिहिलं,
मी वाकून वाचलं
तेव्हा कळलं आता आपण कोण ते.
चोवीस वर्षं मी कुमुद होते,
वारज्याहून सायकल हाणत येऊन डी.एड. झालेली.
मग शर्वरी.
पगारपत्रकात शर्वरी, सर्टिफिकेटवर कुमुद,
आणि कुठेही गेलं की शंभराच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञा
की या दोघी एकच.
मला कुणी तिरकी रेघ दिली नाही.

हे काही मी बोलले नाही.
चहा निवतोय, एवढंच म्हटलं.

तेवढ्यात दारातून सहावीतली गौसिया डोकावली.
पडद्यावरच्या चित्राकडे बघत म्हणाली,
बाई, बदक चालू झालं?

बदक नाही, पेंग्विन!
दोघं एकदम ओरडले.
तासाभरात एकमत झालेलं एवढंच.

गेले ते एकाच स्कूटरवरून.
मागे बसलेल्या केळुसकरांचा हात
सिग्नलपर्यंत हवेत काहीतरी पटवून देत होता.

वाद मिटेपर्यंत म्हणून रज्जाकने
जेवढं नक्की होतं तेवढं रंगवून ठेवलं.
उजवीकडे कक्ष,
मध्ये मोठा कोरा चुना, त्यात एकटी निळी रेघ,
घसरगुंडीसारखी.
वाद अजून मिटलेला नाही.
मुलं बदकाची खोली म्हणतात.
तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, अर्धवट का?
म्हटलं, काम चालू आहे.

परवा शाळा सुटल्यावर
त्या रेघेच्या अलीकडे
मी खडूने लिहून बघितलं, कुमुद.
लगेच पुसलं. नीट पुसलं गेलं नाही.

सकाळी गौसिया नाक भिंतीला लावून उभी.
बाई, कुमुद कोण?

पासवर्ड आहे, म्हटलं.
कुणाला सांगू नकोस.